सासवण्याचे शिल्पकार करमरकर

आपल्या देशात मूर्ती फार प्राचीन आहे. पुतळा मात्र अर्वाचीन आहे. मूर्ती गाभाऱ्यात बसते, तिची प्राणप्रतिष्ठा होते, तिच्यापुढे दिवा लागतो, आणि तिचे दर्शन घ्यावयाचे तर पायांतील वहाणा बाहेर ठेवून आत जावे लागते. राजे आणि सत्पुरुष दिवंगत झाले म्हणजे त्यांची समाधी बांधण्याची किंवा छत्री उभारण्याची चाल आपल्याकडे होती. इंदूरच्या आणि ग्वाल्हेरच्या छत्र्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगावयास नकोच. अशा छत्रीत कधी दिवंगत राजाची प्रतिमा बसवीत. परंतु तिच्याशीही नाते असे ते पूजेचेच. भर चौकात, उन्हापावसात, जाणाऱ्यायेणाऱ्या सर्वांच्या दृष्टीस पडावी अशी एखाद्या माणसाची हुबेहूब आकृती उंच चौथऱ्यावर उभी करावयाची, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमलाबरोबर आली.

आणि ती आली ती राज्यकर्त्यांची प्रतिष्ठा वाढविण्यासाठी. मुंबईत महाराणी व्हिक्टोरियाचा जो संगमरवरी पुतळा १८७२ साली बसविण्यात आला, तो घडविला होता मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने. त्याचा खर्च मात्र सोसला होता वडोदऱ्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी. त्यानंतर सात वर्षांनी, १८७९ साली, प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड यांचा अश्वारूढ पुतळा मुंबईत उभा राहिला. तो बोह्म या शिल्पकाराने विलायतेत तयार केला आणि अल्बर्ट ससून यांनी शहराला अर्पण केला. मुंबईचा ‘काळा घोडा’ तो हाच. वडोदऱ्यातही एक काळा घोडा आहे. त्यावर स्वार आहेत ते सयाजीराव महाराज, म्हणजे आपलेच राजे. पण १९०७ सालच्या त्या पुतळ्याचा कर्ता डरवेंट वुड हाही इंग्रजच. लक्ष्मीविलास राजवाड्यातील शिल्पांसाठी तर फेलिची नावाचा इटालियन कलावंत आणविण्यात आला होता. सारांश, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुतळा इंग्रजांचा असो वा आपल्या राजाचा असो, पैसा येथला आणि हात परक्यांचे, असाच प्रकार बहुतेक ठिकाणी होता.

लोकांना या पुतळ्यांचा अर्थ कळत नव्हता असे मात्र नाही. १८९६ साली मुंबईतील त्या व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणी एका रात्री डांबर फासले आणि त्याच्या गळ्यात जोड्यांची माळ घातली. ते कृत्य दामोदर चापेकर यांचे होते, हे पुढे उघड झाले. पुतळा ही नुसती शोभेची वस्तू नसून सत्तेची खूण आहे, हे त्या माळेने सांगितले.

योगायोग असा की, याच १८९६ साली मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील गणपतराव म्हात्रे या मराठी विद्यार्थ्याने पूजेला निघालेल्या एका तरुण स्त्रीची आकृती घडविली. तिचे नाव ‘मंदिरपथगामिनी’. त्या शिल्पाची वाहवा देशभर झाली. रवींद्रनाथ ठाकुरांनी १८९८ साली बंगालीत त्यावर लेख लिहिला. आपल्या माणसाच्या हातूनही असे काम होऊ शकते, हा आत्मविश्वास त्या शिल्पाने दिला. म्हात्र्यांनी पुढे अनेक सार्वजनिक पुतळे केले. मुंबईतील न्यायमूर्ती रानडे यांचा पुतळा त्यांचाच. पण प्लॅस्टरची वा संगमरवराची मानवाकृती घडविणे ही एक गोष्ट, आणि माणसापेक्षा कितीतरी मोठा घोडा व त्यावरचा स्वार धातूत ओतणे ही दुसरी गोष्ट. त्या दुसऱ्या कामगिरीसाठी आणखी तीस वर्षे जावी लागली. ती कामगिरी ज्यांनी केली त्या विनायक पांडुरंग करमरकर यांचे चरित्र आज आपणांस सांगावयाचे आहे.

अलिबागच्या उत्तरेस समुद्राच्या कडेला सासवणे नावाचे लहानसे गाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, कोळ्यांची वस्ती आणि समोर अथांग पाणी, असे कोकणातील कोणत्याही किनाऱ्याच्या गावाचे जे रूप तेच याचे. या गावी २ ऑक्टोबर १८९१ रोजी करमरकरांचा जन्म झाला. कोकणात गणेशचतुर्थी जवळ आली की घरोघर मातीच्या मूर्तींची चर्चा सुरू होते. ओल्या मातीला बोटांनी आकार देण्याची ओढ मुलांना लागावी तर ती अशाच वातावरणात. विनायकाच्या बोटांतही ती होती, आणि चित्रे काढण्याचा नाद तर त्याहून अधिक. गावातील देवळाच्या भिंतीवर त्याने घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचे चित्र रंगविले होते.

कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस हे चित्र पडले. रॉथफील्ड हे रसिक गृहस्थ होते. भारतीय स्त्रियांवरील त्यांचा ग्रंथ पुढे धुरंधरांच्या चित्रांनी सजून निघाला, हे अनेकांस ठाऊक असेल. त्यांनी चित्र काढणारा कोण, याची चौकशी केली, मुलाला बोलावून घेतले आणि त्याला मुंबईच्या कलाशाळेत शिक्षण मिळावे अशी तजवीज केली. देवळाच्या भिंतीवरचा तो शिवाजीचा घोडा एका खेडेगावच्या मुलाला असा मुंबईस घेऊन गेला.

कलाशाळेतील करमरकरांचे शिक्षण यशस्वी झाले. शिल्पकलेचा अभ्यासक्रम पुरा करून ते बाहेर पडले. पण मुंबईत नुसत्या शिल्पकलेवर पोट भरणे त्या काळी सोपे नव्हते. अशा वेळी त्यांना आधार मिळाला तो बंगालचा. रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ ठाकुर यांनी त्यांना उत्तेजन दिले आणि करमरकर कलकत्त्यास गेले. या संबंधाला एक जुना धागाही आहे. सुरेंद्रनाथांचे वडील सत्येंद्रनाथ हे सनदी नोकरीच्या निमित्ताने आयुष्याची कित्येक वर्षे मुंबई इलाख्यात राहिले होते, आणि तुकारामाचे अभंग त्यांनी बंगालीत नेले होते. ठाकुरांच्या घराला मराठी माणूस परका नव्हता. कलकत्त्यास करमरकरांनी आपली कार्यशाळा थाटली, व्यक्तिशिल्पे केली, नाव मिळविले.

१९२० साली ते इंग्लंडला गेले. तेथे रॉयल ॲकॅडमीत त्यांनी अभ्यास केला. परंतु त्याहूनही मोलाची गोष्ट त्यांनी शिकून घेतली, ती म्हणजे ब्राँझचे ओतकाम. आपल्याकडे पंचरसी मूर्ती आणि घंटा ओतणारे कसबी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या होते. पण दहाबारा फुटांची आकृती ओतण्याची सोय आणि सवय येथे नव्हती. म्हणून येथला शिल्पकार माती किंवा प्लॅस्टर यांच्यापर्यंत काम नेई आणि पुढचे सारे विलायतेच्या ओतशाळेवर सोपवी. हे परावलंबन तोडावयाचे तर शिल्पकाराला भट्टीजवळ उभे राहता आले पाहिजे, हे करमरकरांनी ओळखले होते.

श्रोतेहो, आता थोडे पुण्याकडे वळले पाहिजे. शिवछत्रपतींचे स्मारक कोणी आणि कसे करावे, हा प्रश्न महाराष्ट्रात तेव्हा नवा नव्हता. जोतीराव फुले यांनी १८६९ साली महाराजांवर पोवाडा रचला. लोकमान्य टिळकांनी १८९५ पासून रायगडच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी चळवळ उभारली. आता कोल्हापूरचे शाहू छत्रपती, ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आदी मराठा संस्थानिकांनी पुण्याजवळ भांबुर्ड्याच्या माळावर महाराजांचे भव्य स्मारक करण्याचे ठरविले. भांबुर्ड्याचे नाव आज शिवाजीनगर आहे. या स्मारकाची कोनशिला बसविण्यासाठी त्यांनी निमंत्रण दिले ते खुद्द प्रिन्स ऑफ वेल्स यांना.

ज्या दिवशी ही कोनशिला बसली तो दिवस विसरता येण्याजोगा नाही. तारीख होती १९ नोव्हेंबर १९२१. दोनच दिवसांपूर्वी युवराज मुंबईच्या बंदरावर उतरले होते, आणि त्यांच्या आगमनावरील बहिष्कारातून मुंबईत भयंकर दंगल उसळली होती. ती शमावी म्हणून महात्माजींनी मुंबईत उपोषण आरंभिले, ते याच १९ नोव्हेंबरला. इकडे पुण्यात त्याच युवराजांच्या हस्ते स्वराज्यसंस्थापकाच्या स्मारकाचा पाया घातला जात होता. मुंबईच्या काळ्या घोड्यावर जे प्रिन्स ऑफ वेल्स बसले होते, त्यांचेच हे नातू.

संस्थानिकांची या निमंत्रणामागची दृष्टी समजून घेणे अवघड नाही. ज्या शिवाजीला इंग्रज इतिहासकारांनी लुटारू म्हटले, त्याच्यापुढे इंग्लंडच्या भावी राजाने मान लववावी, यात त्यांना आपल्या कुलाची आणि आपल्या लोकांची भरपाई दिसत होती. राष्ट्रीय पक्षाला मात्र त्यात साम्राज्याची खुशामत दिसली. शिवाय तो काळ ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचा. १९२४ साली पुण्याच्या मंडईत लोकमान्यांचा पुतळा बसला. १९२५ साली केशवराव जेधे यांनी जोतीरावांचा पुतळा उभारण्याची सूचना नगरपालिकेत मांडली आणि तीवरून शहरात रण माजले. पुतळा कोणाचा, कोठे आणि कोणाच्या हस्ते, यावरून माणसे एकमेकांची तोंडे पाहीनाशी झाली होती.

त्यातच शाहू महाराज मे १९२२ मध्ये निवर्तले. माधवराव शिंदे जून १९२५ मध्ये पॅरिस येथे वारले. कोनशिला होती, पुतळा नव्हता. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज यांच्या काळात हे काम तडीस गेले, आणि पुतळा घडविण्याचा मान करमरकरांना मिळाला.

या कामातील पहिली अडचण होती ती मुद्रेची. महाराजांचे जे अस्सल समकालीन चित्र आज आपण ओळखतो, ते इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली उजेडात आणले. तोवर भलत्याच सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून पुस्तकांतून चालत आले होते. तेव्हा करमरकरांपुढे प्रत्यक्ष पुराव्यापेक्षा परंपरेतील वर्णनाचाच आधार अधिक होता. दुसरी अडचण घोड्याची. अश्वारूढ पुतळ्यात सारा भार तोलावयाचा असतो तो चार बारीक पायांवर. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा दाखवावयाचा तर शेपटीचाही टेकू घ्यावा लागतो. माद्रिद येथे पिएत्रो ताक्का या इटालियन शिल्पकाराने सतराव्या शतकात ते साधले, आणि त्याचे कौतुक अद्याप ओसरलेले नाही. करमरकरांनी तो मोह धरला नाही. त्यांचा घोडा उधळलेला नाही. तो दमदार पावले टाकीत चालला आहे, आणि वर बसलेला स्वार ताठ आणि सावध आहे. ज्याला राज्य चालवावयाचे आहे असा तो पुरुष आहे. लढाईच्या चित्रातला नुसता वीर नव्हे.

अशा पुतळ्याची घडण कशी होते, हे थोडक्यात सांगितले तर त्या कामाच्या जोखमीची कल्पना येईल. प्रथम लहानसा नमुना करावयाचा. मग पुऱ्या मापाचा लोखंडी सांगाडा उभा करून त्यावर माती चढवावयाची आणि महिनोन्‌महिने ती ओल्या फडक्यांनी भिजती ठेवून आकार पक्का करावयाचा. त्या मातीवरून प्लॅस्टरचा साचा, त्या साच्यातून प्लॅस्टरची प्रतिकृती, आणि तिच्यावरून धातूसाठी निराळा साचा. शेवटच्या साच्याला दोन भिंती असतात, आणि त्यांच्यामधल्या बोटभर पोकळीत वितळलेला रस धावावयाचा असतो. त्याला आत जाण्याच्या वाटा ठेवाव्या लागतात, तशा कोंडलेल्या वाफेला बाहेर पडण्याच्याही. साच्यात ओल राहिली, एखादी वाट तुंबली, किंवा रस मध्येच थंडावला, तर काही घटकांत वर्षाची मेहनत वाया जाते. म्हणून मोठे पुतळे बहुधा तुकड्यातुकड्यांनी ओतून मागाहून जोडतात.

करमरकरांनी हे जोखमीचे काम विलायतेस न पाठविता मुंबईतच करावयाचे ठरविले. माझगाव गोदीच्या ओतशाळेत, जहाजांच्या कामावरील येथल्याच कामगारांच्या हातांनी, पुतळ्याचे ओतकाम झाले. पुतळा सुमारे साडेतेरा फूट उंच, आणि वजन सुमारे आठ टन. ओतकामानंतर साचा फोडावयाचा, वाटांतून उरलेल्या धातूच्या कांड्या कापावयाच्या, छिन्नी आणि कानस घेऊन अंगावरचा प्रत्येक खडबडीत भाग साफ करावयाचा, आणि शेवटी रसायनांनी ब्राँझला गडद कांती आणावयाची, हे सारे असतेच. इतके झाल्यावर मग तो मुंबईहून घाट चढून रेल्वेने पुण्यास आला.

१६ जून १९२८ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले. समारंभ सरकारी थाटाचा होता, आणि राजनिष्ठेची भाषा त्या काळी अशा प्रसंगी चुकत नसे. पण पडदा दूर झाल्यावर लोकांनी पाहिला तो त्यांचा शिवाजी. आमच्या मते या पुतळ्याचे खरे महत्त्व येथे आहे. कोनशिला बसविणारे युवराज पुढे राजे झाले आणि वर्ष पुरे होण्याच्या आत सिंहासन सोडून गेले. अनावरण करणारे गव्हर्नर कोण होते, हे आज पुण्यातील शंभरांत एकालाही सांगता यावयाचे नाही. ज्या वादांनी तेव्हाची वर्तमानपत्रे भरली होती, त्यांतील कित्येकांचा संदर्भही टिपा दिल्यावाचून कळत नाही. पुतळा उभा आहे. १९३२ साली त्याच्या परिसरात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल निघाले, आणि शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्या त्या घोड्याच्या सावलीत वाढल्या. पुतळा उभारणाऱ्यांचा हेतू काहीही असो, शिल्पात सत्य असेल तर लोक त्याला आपला अर्थ देतात आणि आपलासा करतात.

या यशाचा दुसरा परिणाम व्यवहारातला होता. एवढा पुतळा मुंबईत ओतता येतो हे एकदा सिद्ध झाल्यावर, धातुकामासाठी विलायतेचे तोंड पाहिलेच पाहिजे, हा समज ढासळला. करमरकरांचे समकालीन रघुनाथराव फडके यांनी घडविलेला लोकमान्यांचा पुतळा १९३३ साली गिरगावच्या चौपाटीवर, ज्या वाळूवर लोकमान्यांना अग्नी दिला गेला त्याच जागी, बसविण्यात आला. वसईचे हे फडके पुढे धारला गेले आणि तेथलेच झाले. माळव्यातील मराठी मंडळींना त्यांच्या कार्यशाळेची ओळख करून द्यावयास नको. कलाशाळेची पायरी न चढता नावारूपास आलेले फडके आणि विलायतेपर्यंत शिकून आलेले करमरकर, असे दोन भिन्न वाटांनी आलेले हे कलावंत. पण चौकातील पुतळा आपल्या माणसांचा आणि आपल्या हातचा असावा, हे दोघांनीही एकाच सुमारास करून दाखविले.

करमरकरांनी पुढे पुष्कळ व्यक्तिशिल्पे केली. सार्वजनिक कामे म्हणजे समित्या, वर्गण्या, मुदती आणि मागणी करणाऱ्यांच्या आवडीनिवडी; त्यांत कलावंताचे मन नेहमीच रमते असे नाही. त्यांच्या मनाचा मोकळेपणा पाहावयाचा असेल तर सासवण्यास जावे. ‘शंखध्वनी’सारखी त्यांची गाजलेली कृती एकीकडे, आणि गावातली कोळीण, शेतकरी, लहान मूल, जनावर ही दुसरीकडे. त्यांच्या घराच्या अंगणात एक म्हैस बसली आहे. नवखा माणूस ती जिवंत समजून क्षणभर थबकतो. ही म्हैस आणि त्या घरातील अनेक शिल्पे ब्राँझची नाहीत, संगमरवराचीही नाहीत. साध्या सिमेंटची आहेत. धातू महाग, आणि मागणी आल्यावाचून तो परवडत नाही. तेव्हा घर बांधणाऱ्या गवंड्याचा माल शिल्पकाराने हाती घेतला आणि त्यातूनही कातडीची सुरकुती आणि डोळ्यातली ओल काढून दाखविली. छत्रपतींसाठी आठ टन ब्राँझ आणि म्हशीसाठी सिमेंट, असा भेद साहित्यात असेल. पाहणाऱ्या डोळ्याच्या निष्ठेत तो नाही.

भारत सरकारने आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १३ जून १९६७ रोजी ते निवर्तले. पुण्याच्या पुतळ्याच्या अनावरणाला तेव्हा एकोणचाळीस वर्षे पुरी होत आली होती. सासवण्याच्या त्यांच्या घराचे शिल्पालय झाले असून, तेथे त्यांच्या हातची शंभराहून अधिक शिल्पे ठेवलेली आहेत.

त्यांच्या निधनापूर्वी दोनच वर्षे, १९६५ साली, मुंबईच्या चौकांतून इंग्रजी अमलातले पुतळे हलविण्यात आले. काळा घोडा आपल्या स्वारासह भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. ती बाग पूर्वी व्हिक्टोरियाच्या नावाची होती. आज तिला शिवरायांच्या मातोश्रींचे, वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे. ज्यांना लोकांनी कधी आपले म्हटले नाही, असे पुतळे सत्तेबरोबर आले आणि सत्तेबरोबर चौकातून उठले. शिवाजीनगरच्या अश्वारूढ पुतळ्याचीही कोनशिला त्याच सत्तेच्या हातची होती; पण त्याला हलविण्याचा विचार कोणाच्या मनास शिवला नाही. या दोहोंतील अंतर कोनशिलेने पडलेले नाही. ते शिल्पकाराने पाडले आहे.

आजही पुतळे उभे राहतात, पूर्वीपेक्षा अधिक संख्येने आणि कितीतरी अधिक उंचीचे. त्यांच्या चौथऱ्यावर उद्‌घाटकांची, अध्यक्षांची आणि देणगीदारांची नावे ठसठशीत अक्षरांत कोरलेली असतात. घडविणाऱ्याचे नाव सापडलेच तर एखाद्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. आपल्या गावच्या चौकातील पुतळ्यापुढून आपण रोज जातो. जयंतीला हार घालतो. तो कोणाच्या हातून घडला, धातू कोठे ओतला, त्या शिल्पकाराची कार्यशाळा आणि तिच्यातील मातीचे नमुने आज कोणत्या स्थितीत आहेत, हे विचारण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, धार येथील जुन्या मंडळींनी मनावर घेतले तर आपापल्या गावापुरती अशी नोंद एका वर्षात पुरी होईल, आणि ती झाली पाहिजे. सासवण्याचे घर जतन झाले, म्हणून करमरकरांची हकिकत आज सांगता आली. ज्यांची घरे राहिली नाहीत, त्यांची निदान नावे तरी राहावीत.